मधल्या खडपेचं गाऱ्हाणं

गणपतकाकांना सगळा गाव तापट म्हणतो, आणि ते आहेतच. पण हे म्हणणाऱ्यांची तोंडं बघितली की माझंच डोकं फिरतं. ज्यांनी त्यांना आयुष्यभर तापवलं तीच ही माणसं. चुलीत लाकडं सारायची आणि वर विचारायचं, धूर कशाचा येतोय. मी सारिका, इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. काकांचं घर आणि आमचं घर यांच्यात दगड रचून घातलेला एक गडगा आहे, आणि त्यावरून त्यांचा आवाज रोज माझ्या स्वयंपाकघरात येतो. माझाही स्वभाव काही गोड नाही, ते आधीच सांगून ठेवते.

त्यांच्या रागाच्या गोष्टी धक्क्यावर चहाबरोबर सांगितल्या जातात. एका पर्यटकाने विचारलं, "अंकल, इधर शार्क है क्या?" काका म्हणाले, "आसा. सकाळीच तुमच्यासारखो एक खाल्ल्यान." एका बाईने वेफर्सचं रिकामं पाकीट पाण्यात टाकलं, तर काकांनी बुडी मारून ते काढलं आणि तसंच निथळतं तिच्या पर्समध्ये घालून वर चेन लावून दिली. बाईने आरडाओरडा केला. काकांनी तिच्यापेक्षा मोठा केला. लग्न त्यांनी केलं नाही. त्या तोंडाशी कोण संसार करणार, असं गाव म्हणतं. काका म्हणतात, गावाशी करतंय तो काय कमी आसा?

त्यांचा खरा धंदा बुडी मारण्याचा. जाळं खडपेत, म्हणजे पाण्याखालच्या खडकात, अडकलं की ओढायचं नसतं. ओढलं की जाळंही फाटतं आणि खडपही तुटते. खाली जाऊन, श्वास धरून, एकेक गाठ बोटांनी सोडवावी लागते. हे काम काकांच्या वडलांनी केलं आणि मग काकांनी केलं. कुणाचा नांगर हरवला, कुणाच्या होडीच्या पंख्यात दोर गुरफटला, की बोलवा गणपताक. पाण्याखाली बोलता येत नाही, तेव्हा तेवढा वेळ तरी गावाला शांतता मिळायची, असं आमची आई म्हणायची.

मग मासळी कमी झाली आणि पर्यटक वाढले. काकांचा भाऊ लवकर गेला. त्याचा मुलगा धनेश काकांनीच वाढवला. त्या धनेशने फायबरची होडी घेतली, तिला निळा रंग दिला आणि स्नॉर्कलिंगचा बोर्ड लावला. काका त्या होडीवर गाइड झाले. म्हणजे काय, तर ज्यांना पोहता येत नाही अशा माणसांच्या तोंडात नळी द्यायची, त्यांना टायरला धरून पाण्यावर पालथं घालायचं आणि खाली मासे दाखवायचे. काकांना हे काम आवडत नव्हतं, पण त्यांनी ते केलं, पोरासाठी.

आता मधली खडप. आमच्या धक्क्यासमोर, पाण्याखाली ही खडप आहे. जाळी हमखास अडकायची म्हणून जुने लोक तिच्यावर जाळं टाकायचेच नाहीत, आणि म्हणूनच ती राहिली. तिच्या उतारावर पोवळी आहेत आणि पोवळ्यांच्या मध्ये फुलं आहेत. पुस्तकात त्यांना समुद्रफूल म्हणतात, आमच्याकडे नुसतं फूल. परातीएवढी, बदामी रंगाची, काठाशी जांभळट, आणि वर आखूड बोटांचं दाट रान. पाण्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर ती बोटं एका दिशेला झुकतात आणि परत येतात.

मी मुलांना दरवर्षी सांगते, नाव फुलाचं असलं तरी हा प्राणी आहे. त्याला तोंड आहे, पोट आहे, आणि खडकाला घट्ट धरून बसणारा एक पाय आहे. त्या बोटांमध्ये विषाच्या बारीक सुया असतात. चुकून लागलेला लहान मासा लुळा पडतो आणि तोंडाकडे ढकलला जातो. फुलाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं घरमालकाला देतं. पाणी फार तापलं की हे शेवाळ निघून जातं आणि फूल पांढरं पडतं. काही जीवांना मात्र या सुया चालतात. काचेसारखी पारदर्शक कोळंबी तिथे बसते आणि बाहेरच्या माशांच्या अंगावरचे किडे टिपून खाते. आमच्या खडपेवर गोबरा नावाचा मोठा मासा येऊन तोंड उघडून उभा राहतो, आणि ज्या कोळंबीला तो एका घासात गिळेल तीच त्याचे कल्ले साफ करते. काळ्या रंगाची, अंगावर पांढरा ठिपका असलेली माशांची पिल्लं त्या बोटांच्या आड लपून मोठी होतात आणि मग खडपेवर पसरतात. त्यांची विष्ठा फुलाला खत म्हणून मिळते. म्हणजे फूल गेलं की एक फूल गेलं असं होत नाही. पाळणाघर गेलं, आणि दवाखानाही गेला.

आणि अशी मोठी फुलं माणसाच्या आयुष्याएवढी जगतात. काका वडलांबरोबर पहिल्यांदा त्या खडपेवर उतरले तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. तेव्हा मोठ्या भेगेजवळ जे फूल होतं, तेच अजून तिथे आहे. तेच, त्याचं पिल्लू नव्हे. हे मी त्यांना शास्त्राच्या आधाराने सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या बापसाक वळाकणारा आता तां एकच उरला." त्यांना या जगात कशाची काळजी असेल तर त्या फुलांची. बाकी सगळ्यांवर ते नुसते रागावतात.

सगळा घोटाळा पोस्टरने केला.

धनेशने पोस्टर छापून घेतलं, त्यावर नारिंगी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. तो फोटो कुठल्या समुद्रातला होता देव जाणे, आमच्या समुद्रातला नव्हता. पण आमच्याकडच्या सगळ्या होड्यांवर तोच मासा झळकायला लागला, आणि येणारं प्रत्येक पोर खाली बघून वर आलं की रडायचं, तो मासा कुठे आहे? आईबाप म्हणायचे, तुम्ही फसवलंत. फसवलं होतंच. यावर सरळ उपाय पोस्टर काढण्याचा होता. पण सरळ उपाय सुचला तर तो आमचा धक्का कसला!

होडीवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष गुरुप्रसाद. पांढरा शर्ट, गॉगल, आणि प्रत्येक वाक्यात 'विकास'. त्याने कोल्हापूरच्या मत्स्यालयाच्या दुकानातून ते पट्ट्यांचे मासे आणवले. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून, फोंडाघाट उतरून, मांडीवर घेऊन. काचेच्या पेटीत जन्मलेले ते जीव. फुलाच्या सुया अंगाला सवयीच्या व्हाव्या लागतात, त्यासाठी तो मासा हळूहळू अंग घासत राहतो, हे मी गुरुप्रसादला घरी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुमी शाळा बघा." दुसऱ्या दिवशी पर्यटकांची होडी भरून खडपेवर नेली, सगळ्यांना पाण्यावर पालथं घातलं आणि पिशवी खाली नेऊन उघडली. मासे बिचारे बाहेर पडले, गोल फिरले, आणि भेगेतून गोबरा आला. एकेक करून, पैसे भरलेल्या सगळ्या मुलांच्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी धक्क्यावर काय रडारड झाली! काका मात्र होडीत बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. मला त्या पिशवीतल्या माशांची दया आली आणि पिशवी आणणाऱ्यांच्या एक ठेवून द्यावीशी वाटली.

एवढ्यावर थांबतील तर शपथ. मंडळाची बैठक झाली आणि दोष फुलांना देण्यात आला. खडप लांब आहे, पाणी खोल आहे, फुलं नीट दिसत नाहीत. तर फुलंच उचलून धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात आणायची, एका जागी लावायची, बाग करायची, पर्यटकांना गुडघाभर पाण्यात उभं राहून दिसेल. कुणी कुंडीतली जास्वंद हलवतो तसं हे बोलत होते. मे महिन्यात, समुद्र बंद व्हायच्या आधी, पहार घेऊन गेले आणि खडपेच्या अलीकडच्या कडेवरची फुलं उपटून आणली. फुलाचा पाय खडकाला इतका घट्ट असतो की तो सुटत नाही, फाटतो. फाटलेल्या पायाची ती फुलं त्यांनी वाळूत ठेवली आणि भोवती दगड रचून पाटी लावली. काही दिवसांतच ती आक्रसली, त्यांचा बुळबुळीत चिखल झाला आणि धक्क्यावर घाण सुटली. पाटी मात्र शाबूत राहिली. होडी होती धनेशची.

काकांना कळलं तेव्हा ते अंगणात जाळं शिवत बसले होते. ते उठले, मंडळाच्या बैठकीत गेले आणि मीही त्यांच्या मागे गेले.

"कोणी काढलान फुला?" त्यांनी विचारलं.

"गणपतकाकानू, बसा. चाय घेवा," गुरुप्रसाद म्हणाला.

"चाय घाल तुझ्या बोडक्यात. कोणी काढलान?"

"ती उथळ पाण्यात जगाक नाय, ता खरा. पण ती बारकी होती. मधल्या उतारावरची मोठी आसत, ती जगतली. पाऊस सरल्यार ती हाडुया." मोठी फुलं पावसानंतर आणायचं गुरुप्रसादने ठरवूनही टाकलं होतं.

मी मध्ये पडले, चित्र काढून दाखवलं, पाय कसा फाटतो ते सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, बाईंनी छान समजावलं. आणि ठराव तसाच पास झाला. धनेश कोपऱ्यात मोबाइल बघत होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने मान वर केली नाही.

मी काकांना घेऊन सरकारी ऑफिसातही गेले. साहेब फार सभ्य. म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण पाण्याच्या आतलं आमच्याकडे येत नाही. किनाऱ्यावरचं काही असेल तर सांगा." दुसऱ्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब म्हणाले, पाण्याच्या आतलं आमच्याकडे आहे, पण धक्क्यावरून सुटणारी होडी आमच्याकडे नाही. परत येताना एसटीत काका म्हणाले, "गो सारिका, ह्या लोकांका धरून एकदा पाण्याखाली बसवक व्हया. तोंड बंद आसला काय माणूस वायच बघता तरी." माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पाऊस सरला. नवा हंगाम सुरू करताना आमच्या धक्क्यावर गाऱ्हाणं घालतात. सगळे होडीवाले जमतात, नारळ ठेवतात, आणि एकजण देवाला मोठ्याने सगळ्यांचं मागणं सांगतो. प्रत्येक मागण्याला बाकीचे हात जोडून, डोळे मिटून, एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. एकदा व्हय म्हाराजा म्हटलं की ते देवापुढे कबूल झालं. ते मागे घेता येत नाही. आमच्याकडची माणसं कोर्टात खोटं बोलतील, गाऱ्हाण्यात नाही. आणि धक्क्याचं गाऱ्हाणं घालायचा मान गणपतकाकांच्या घराण्याकडे आहे. दुसऱ्याने घातलं तर चालत नाही.

तेव्हा आदल्या दिवशी गुरुप्रसाद नारळ घेऊन काकांच्या अंगणात आला. झालं गेलं विसरा, मान तुमचा, उद्या गाऱ्हाणं झालं की लगेच खडपेवर जायचं आहे, मुहूर्त चांगला आहे. मी गडग्याच्या अलीकडे उभी राहून ऐकत होते. आता काका त्याला हाकलून लावणार, नारळ डोक्यात घालणार. पण काका म्हणाले, "येतंय."

बस, एवढंच. येतो म्हणे!

मी गडग्याजवळ गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. इतकी वर्षं खडपेच्या नावाने ओरडलात आणि एका नारळावर विकले गेलात? काका जाळं आवरत होते. "उद्या ये धक्क्यार," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, माझी चप्पलही यायची नाही. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिले.

गर्दी चांगली होती. होड्यांना झेंडूच्या माळा. गुरुप्रसाद पुढे, त्याच्या मागे मंडळी, धनेश आपल्या निळ्या होडीजवळ. होडीत पहार आणि प्लास्टिकचे टब भरून ठेवलेले. काका धुतलेला शर्ट घालून आले, नारळासमोर उभे राहिले आणि त्यांनी तो खास सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो धक्क्यावरचो समस्त मेळो तुझ्या पायाकडे जमलो आसा. तेनी जो नारळ ठेवलेलो आसा तो मान्य करून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यांच्या होड्यांका, इंजिनांका, घरच्या पोराबाळांका सुखरूप ठेव. गेलेली होडी परत धक्क्याक लाव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"येणाऱ्या पावण्यांका दर्यात कसलोच तरास होव देव नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सूर लागला होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात कपाळाशी, जबाब आपोआप येत होता. मुंबईला फोनवर बोलणारा एकजण फोन कानाला तसाच ठेवून व्हय म्हाराजा म्हणत होता. काकांनी श्वास घेतला. आवाज तोच ठेवला, चालही तीच.

"आणि मधल्या खडपेर जी तुझी फुलाची बाग आसा, तिका जो कोण लोखंड लायत, जो कोण तिच्यार नांगर टाकीत, तेची होडी भर दर्यात बंद पाड, तेच्या इंजिनाक गंज लाव, मगे तो माझ्या घरचो आसांदे नायतर मंडळाचो अध्यक्ष आसांदे, तेका तुझो हिसको दाखव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दणक्यात. सगळ्यात मोठा आवाज गुरुप्रसादचा. काकांनी लगेच नारळ उचलला आणि दगडावर फोडला. मग एकेकाचे डोळे उघडले. आपण काय कबूल केलं ते पुढच्यांच्या ध्यानात आलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं, आणि जोडलेले हात एकेक करून खाली आले.

"काकानू, ह्या काय केलास?" गुरुप्रसादने गॉगल काढला. "ता मागे घेवा."

"मी कित्या मागे घेव? मी नुसता बोललंय. व्हय तुमी म्हटलास."

"आमचा लक्ष नव्हता!"

"मगे माका कित्याक सांगतंस? माका नाय म्हटलास, देवाक म्हटलास. जा, तेका सांग तुमचा लक्ष नव्हता म्हणान."

त्या दिवशी एकही होडी खडपेकडे गेली नाही. मला आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू. मी काकांना घरी बोलावून पोट भरून जेवायला घातलं. पण जेवताना दोघांच्याही मनात एकच गोष्ट सलत होती. मी विज्ञान शिकवते. मी चित्रं काढली, ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या, त्याने एकाचंही मन हललं नाही, आणि इंजिनाला गंज चढेल म्हटल्याबरोबर सगळे गारठले. फुलाबद्दल कुणाला काही वाटलंच नव्हतं. काका म्हणाले, "भियान रवले ते. भिया गेला काय परत जातले." आणि त्यांनी अर्धवट जेवूनच हात धुतला.

तेच झालं, आणि भीती जायचीही वाट कुणी बघितली नाही. पुढच्याच रविवारी मी धक्क्यावर मासे घ्यायला गेले तर धनेशच्या होडीत दोन अनोळखी पोरगे बसलेले, पाठीवर हवेच्या टाक्या, पायाशी पहार. गुरुप्रसाद टब देत होता. मी विचारलं तेव्हा त्याने हसून सांगितलं, "आमी लोखंड लावणार नाय, बाई. आमी शब्द दिलेलो आसा. हे परजिल्ह्यातले, हेनी व्हय म्हटलेला नाय. आणि नांगर टाकूचोच नाय, होडी नुसती उभी ठेवूची." इतका आनंद त्याच्या तोंडावर होता! देवालाही कायद्याची पळवाट दाखवणारी ही अक्कल जर चांगल्या कामाला लागली असती तर आमच्या जिल्ह्यात सोन्याची कौलं दिसली असती.

मी धावत जाऊन काकांना सांगितलं. ते अंगावरच्या बनियनवर आले, होडीत चढले आणि पुढे जाऊन बसले. मीही चढले. धनेश म्हणाला, "काकानू, उतरा." काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ज्याने वाढवलं त्याला होडीतून ढकलायचा धीर धनेशला झाला नाही, आणि गुरुप्रसाद धक्क्यावरून ओरडला, "येवंदे म्हाताऱ्याक! काय करतलो?"

खडपेवर धनेशने इंजिन मंद केलं. ते दोघं मास्क लावेपर्यंत काकांनी उडी मारली होती. पाणी स्वच्छ होतं, मला वरून सगळं दिसत होतं. ते सरळ मोठ्या भेगेजवळच्या फुलापाशी गेले आणि त्याच्याभोवती दोन्ही हातांचा वेढा घालून खडकाला धरून राहिले. उघड्या हातांना त्या सुया लागत होत्या. पहार घेतलेला पोरगा जवळ गेला, थांबला, हातवारे केले. काका हलले नाहीत. श्वास संपला तेव्हा वर आले, तोंड उघडून हवा घेतली आणि पुन्हा खाली. ते पोरगे दुसऱ्या फुलाकडे वळले तर काका तिकडे. परत वर, परत खाली. तरुणपणी हा माणूस जाळ्याच्या पन्नास गाठी एका दमात सोडवायचा, पण आता साठी उलटलेली. प्रत्येक खेपेला वर येऊन ते आधीपेक्षा जास्त वेळ धापा टाकत होते. मी ओरडत होते, पुरे, पुरे! त्यांनी ऐकलं नाही. एक पोरगा वर येऊन म्हणाला, "दादा, हे आजोबा मरतील हो. आम्हाला नको हे काम." धनेश इंजिनाचा दांडा धरून बसला होता.

मग काका खाली गेले आणि वर आले नाहीत. मी वाकून बघितलं. ते फुलापाशीच होते, पण हातांचा वेढा सुटला होता.

धनेशने दांडा सोडून उडी मारली. काखेत हात घालून त्यांना वर आणलं, मी आणि त्या पोरग्यांनी मिळून होडीत ओढलं. काकांनी पाणी ओकलं, खोकले, आणि पहिला शब्द उच्चारला तो एक शिवी होती. मला रडू फुटलं. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत लाल चट्टे उठले होते. धनेशने पुन्हा दांडा धरला. कुणाला काही न विचारता त्याने होडी वळवली.

धक्क्यावर गुरुप्रसाद फुलांसाठी आणखी टब मांडून उभा. "हाडलंस?"

"नाय हाडलंय," धनेश म्हणाला. "हाडूचंय नाय. माझी होडी परत थंय जावची नाय, आणि दुसऱ्याची जाताना दिसली तर मी आडवी घालतलंय!"

"भियालंस काय रे देवाक?"

"देव खंय इलो मधी?" धनेश एवढ्या मोठ्याने ओरडला की मासे घेणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. "म्हातारो वर येवक नाय! तुझ्या बागेपायी म्हातारो वर येवक नाय!" त्याने एक टब उचलून गुरुप्रसादच्या पायाशी आपटला. तो फुटला. गुरुप्रसाद मागे सरकला आणि त्या दिवसापासून त्याने खडपेचं नाव काढलेलं नाही. उतारावरची मोठी फुलं आज आहेत तिथेच आहेत.

मला वाटलं, आता काका त्याला जवळ घेतील. मी त्यांना ओळखायला हवं होतं.

"आता बोंबलतंस," ते होडीच्या काठाला धरून उभे राहत म्हणाले. "पयली फुला काढली तेवा होडयेर तूच होतंस मा? तेवा खंय गेल्लो ह्यो आवाज?"

धनेश त्यांना हात द्यायला वाकला.

"ती मेली. ती आता परत येवची नाय. तू कितीय बोंबल."

घरापर्यंत ते त्याला शिव्या घालत होते. हात मात्र त्याच्याच खांद्यावर टाकला होता. धनेश त्यांच्या चालीने चालत होता, डोळे पुसत होता. मी मागून येत होते. काकांना गप्प बसा म्हणावं, असं मला एकदाही वाटलं नाही.